सिस्टर मावशी, तुमचा डबा अजून माझ्याकडेच आहे

सिस्टर मावशी, सलाम.

हे असं चारचौघात लिहितोय त्याचं कारण तुम्हाला माहितीये. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "थांब, चहा टाकते" म्हणून आत जाता आणि चहा होईपर्यंत माझं अवसान गळालेलं असतं. फोनवर तर तुम्हाला नीट ऐकूच येत नाही. म्हणून आता नातवाकडून हे वाचून घ्या, आणि मधेच उठू नका.

2021 चा ईस्टर 4 एप्रिलला होता. कोरोनामुळे चर्च बंद, म्हणून बायकोने मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून उपासना लावली होती आणि आम्ही तिघं जमिनीवर बसून गात होतो, म्हणजे ती आणि मुलगी दोघी गात होत्या, मी नेटवर्क बघत होतो. तीन आठवड्यांनी बायको गेली. बेड, ऑक्सिजन, इंजेक्शनसाठी मारलेल्या चकरा, ते सगळं त्या वर्षी घरोघरी झालंय, परत काय लिहायचं. दफनाला वीस माणसांची परवानगी होती, आम्ही सातच होतो, पाळकसाहेब लांब उभं राहून मास्कमधून वाचत होते आणि मला त्यातला एक शब्द कळला नाही. मुलगी तेव्हा तुमच्याकडे होती. लोक आमच्या दारावरून जायलाही घाबरत होते आणि तुम्ही, सत्तरीच्या बाईने, तिला हाताला धरून घरी नेलं. वर मलाच दटावलं, "पस्तीस वर्षं वॉर्डात काढलीत मी, मला नको शिकवू."

आम्ही तसे पिढीजात ख्रिस्ती. आजोबा संडे स्कूल घ्यायचे, वडील चर्चची घंटा वाजवायचे. माझा विश्वास मात्र शाळेच्या दाखल्यावरचा. नाताळला नवीन शर्ट, हार्वेस्टला, म्हणजे चर्चच्या सुगीच्या सणाला, लिलावात एखादा भोपळा दुप्पट भावाने घ्यायचा आणि घरी बोलणी खायची, एवढंच. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं पाठ होती पण ती पाढ्यांसारखी, अर्थाकडे कोण बघतंय.

ती गेल्यावर जो तो समजूत घालायला यायचा. देवाची इच्छा, चांगली माणसं देव लवकर नेतो वगैरे. बाहेरगावच्या एका प्रचारकाने तर सरळ सांगितलं की तुमच्या घरात विश्वास कमी पडला असणार, नाहीतर एवढ्या प्रार्थनेने बाई उठून बसली असती. मी त्याला हाकललं नाही मावशी. त्याला पाणी दिलं, ऐकून घेतलं. कारण मला आतून तेच वाटत होतं, की उपासना चालू असताना मी नेटवर्क बघत बसलो होतो.

तुम्ही समजूत घातली नाहीत. संध्याकाळी सात वाजता कडी वाजायची, दारात तुम्ही आणि तो नाव घातलेला स्टीलचा डबा. दोन भाकऱ्या, पिठलं नाहीतर मेथी, झाकणात लोणच्याची फोड. "गरम आहे तोवर खा" आणि तुम्ही गेलात पण. महिना झाला तरी वचन नाही, प्रार्थना नाही, काही नाही. शेवटी मीच वैतागून विचारलं, मावशी सगळे माझ्यासाठी प्रार्थना करतात, तुम्हीच कशा करत नाही? तर तुम्ही म्हणालात, "करते की, भाकऱ्या थापताना. हात गुंतलेले असतात, तोंड मोकळंच असतं."

मग मी त्या प्रचारकाचं सांगितलं. तुम्हाला एवढं चिडलेलं मी आधी कधी बघितलं नव्हतं. मिरजेचं मिशन हॉस्पिटल, डॉक्टर वानलेसांनी 1894 ला काढलेलं, तुम्ही तिथे शिकलेल्या. तुम्ही म्हणालात तिथे सकाळी प्रार्थना व्हायची आणि मग इंजेक्शनं, कुणी कुणाच्या बदल्यात नसायचं. आणि मग एकदम वॉर्डातल्या आवाजात, "झोपतोस किती तास?" मी म्हटलं दोन. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्याबरोबर केसपेपरच्या लाइनीत उभ्या होतात, मानसोपचाराच्या. आठ महिने गोळ्या घेतल्या. हे मी मुद्दाम इथे लिहितोय, कारण आपल्या मंडळीत अजूनही गुडघ्याला तेल लावलेलं सांगतात पण डोक्यासाठी गोळी घेतली हे लपवतात.

वचन तुम्ही एकदाच वाचलंत. लाइट गेली होती, बॅटरी लावून. ते तुमच्या आजीचं बायबल, पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं, 1924 चं, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापलेलं (नगरचं केडगाव नाही, दौंडजवळचं). तुमची आजी तिथेच वाढली आणि तिथल्या छापखान्यात खिळे जुळवायची, हे तुम्ही किती सहज सांगितलंत, जसं काही सगळ्यांच्याच आज्यांनी बायबलचे खिळे जुळवलेत. तर तुम्ही वाचलंत पहिले राजे, अध्याय 19. एलीया संदेष्टा, एवढा मोठा माणूस, रानात एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो पुरे झालं, मला मरू दे. आणि झोपून जातो. देवदूत येतो तो भाषण देत नाही, विश्वास कुठे गेला तुझा असं विचारत नाही. हात लावून उठवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. बघतो तर उशाशी निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी. खातो, परत झोपतो. दूत परत येतो, परत तेच, ऊठ आणि खा. तुम्ही पुस्तक मिटलंत आणि म्हणालात, "बघ, दोनदा." बास. आणि डबा घेऊन गेलात.

त्या रात्री मी बऱ्याच वर्षांनी स्वतःहून बायबल उघडलं, खरं म्हणजे असं अजून कुठे आहे का ते शोधायला. आहे की! याईराची बारा वर्षांची मुलगी येशू मेलेली उठवतो, घरात सगळ्यांची बोबडी वळलेली आणि हा सांगतो तिला काहीतरी खायला द्या. योहानाच्या शुभवर्तमानात शेवटच्या अध्यायात तर स्वतः मरणातून उठलेला प्रभू समुद्राच्या काठावर निखारे पेटवून मासे भाजत बसलाय आणि रात्रभर जाळं ओढून दमलेल्या शिष्यांना न्याहारीला बोलावतोय. त्यातल्या एकाने तर त्याला तीनदा नाकारलेलं, पण आधी न्याहारी, ते बोलणं नंतर. मी हे सगळं लहानपणी ऐकलंय मावशी, फ्लॅनेलच्या फळ्यावर चित्रं चिकटवून आजोबा सांगायचे, पण तेव्हा चमत्कार लक्षात राहिला, जेवण नाही.

मग तुमची शाळा सुरू झाली. आधी वेणी. मुलीचे केस मी रबर लावून कसेतरी बांधायचो, एका बाजूला कललेले. तुम्ही सुतळीचे तीन पदर दाराच्या कडीला बांधून दिलेत आणि म्हणालात रोज वीस वेळा. रात्री मुलगी झोपली की मी कडीला वेण्या घालत बसायचो, पहिल्या आठवड्यात नुसत्या गाठी झाल्या. मग भाकरी. पीठ जुनं असलं की विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग कितीही मळा, चिरा पडणारच, पाणी उकळतं घ्यायचं, तळहाताने रेटून मळायचं, बोटांनी नाही, थापताना परात फिरत नाही, भाकरी फिरते. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी सुकायच्या आत उलटायची. माझी पहिली फुगली तेव्हा ऑक्टोबर लागला होता आणि मुलीने तिचा फोटो काढून मामाला पाठवला.

त्याच आठवड्यात, 7 तारखेला, सगळी देवळं-मशिदी-चर्च उघडली. पुढच्या रविवारी मी गेलो ते काही देवासाठी नाही, मुलीला माझ्या हातची वेणी सगळ्यांना दाखवायची होती म्हणून. मागच्याच बाकावर बसलो. प्रभूची प्रार्थना सुरू झाली, सगळ्यांबरोबर मीही सवयीने म्हणत होतो, आणि "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे" तिथे आवाजच बंद झाला. हजारो वेळा म्हटली असेल ही ओळ. पण भाकर म्हणजे भाकरच, सात वाजता कडी वाजवून येणारी, हे त्या दिवशी कळलं. मुलगी माझ्याकडे बघत राहिली आणि पुढची प्रार्थना तिने एकटीनेच पूर्ण केली. तुम्ही बायकांच्या बाजूला होतात, तुम्ही बघितलंत आणि मान वळवलीत. त्याबद्दलही थँक्यू.

ती का गेली याचं उत्तर मला मिळालेलं नाही, तुम्हीही कधी दिलं नाहीत. एप्रिल आला की अजून झोप उडते. पण ईस्टरच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं बादलीत चुना कालवून कबर रंगवायला जातो, मुलगी बडबड करत असते, आईला शाळेतलं सगळं सांगते, आणि मी त्या प्रचारकाचं बोलणं आठवून आता गप्प बसत नाही, मनातल्या मनात त्याला तुमच्या आवाजात उत्तर देतो.

तुम्ही पुण्याला मुलाकडे राहायला गेलात, गल्ली सुनी झाली. नगरचं अहिल्यानगर झालं, आपल्या तोंडात नगरच. डबा मात्र माझ्याकडे राहिलाय. तुम्ही दोनदा निरोप पाठवलात तरी दिला नाही, कारण रिकामा डबा परत करत नाहीत आणि त्यात घालण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. आता आहे. या रविवारी उपासना सुटली की आम्ही दोघं दुपारच्या एसटीने निघतोय. बाजरीच्या सहा भाकऱ्या, चार माझ्या, दोन मुलीच्या. तिच्या जरा जाड आहेत, काही बोलू नका. पिठलं तिथे आल्यावर मीच करतो, तुम्ही फक्त बसा. संध्याकाळी सातपर्यंत पोचू, जेवून घेऊ नका.