तरुणांना नावे ठेवण्याआधी नोकरीच्या अटी छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूरच्या फौंड्री (धातूचे ओतकाम करणारे कारखाने) आणि मशिनशॉपना माणसे मिळत नाहीत, ही तक्रार उद्यमनगरापासून कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीपर्यंत सगळीकडे ऐकू येते. ‘आजकालच्या पोरांना कष्ट नकोत’ हे वाक्यही तिच्या पाठोपाठ ठरलेलेच असते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिल्प निदेशक म्हणून निवृत्त होईपर्यंत मी याच वयाच्या मुलांमध्ये वावरलो आहे. तक्रारीचा पहिला भाग खरा आहे; दुसरा मला मुळीच मान्य नाही.

ज्यांना शंका असेल त्यांनी पन्हाळा, राधानगरी किंवा भुदरगड तालुक्यातील कोणत्याही गावाबाहेरच्या रस्त्यावर पहाटे जाऊन पाहावे. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली अंधारातच धावायला सुरुवात करतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, त्याशिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक, अशी ५० गुणांची मैदानी चाचणी आणि तिच्यानंतर १०० गुणांची लेखी परीक्षा. जागा थोड्या आणि अर्ज अफाट, हे त्यांना पक्के ठाऊक असते. तरीही ती वर्षानुवर्षे घाम गाळतात, कारण वय, उंची, गुण, आरक्षण, वेतनश्रेणी हे सारे जाहिरातीत छापलेले असते आणि ते कळण्यासाठी कोणाची ओळख काढावी लागत नाही. सरकारी नोकरीची शाश्वती आणि सोयरीक जुळवताना तिला मिळणारा मान ही कारणेही आहेतच, आणि ती गोष्ट लहान कारखानदार देऊ शकणार नाही. मात्र स्पष्ट सांगायला त्याला कोणताही खर्च येत नाही.

याउलट सीएनसी म्हणजे संगणक-नियंत्रित यंत्र चालवणाऱ्यासाठीची आपल्याकडची जाहिरात पाहा : ‘सीएनसी ऑपरेटर पाहिजेत. पगार योग्यतेनुसार. समक्ष भेटा.’ एवढ्या आधारावर गारगोटीचा मुलगा एसटीने येतो, गेटवर ताटकळतो आणि अखेरीस त्याला ऐकायला मिळते, ‘दोन-चार दिवस काम करून बघ, मग पगाराचं बोलू.’ पाळी आठ तासांची की बारा तासांची, ओव्हरटाइम कोणत्या दराने, पीएफ भरला जाणार का, नोकरी कंपनीची की ठेकेदाराची, आणि दुसरी पाळी सुटल्यावर गावाकडे जायला गाडी नसेल तर रात्र कुठे काढायची, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्याला मिळत नाही. त्याच संध्याकाळी मोबाइलवर पुण्याजवळच्या चाकण औद्योगिक वसाहतीतला वर्गमित्र त्याला हातात किती पगार पडतो, खोलीचे भाडे किती आणि कंपनीची बस कुठून सुटते, हे सगळे सांगून टाकतो. मग तो चाकणला जातो. घरची शेती आणि आई-वडील सोडून जाण्याची त्याला हौस नसते, हे मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे.

या मुलांची जडणघडणही समजून घ्यायला हवी. २०२१ साली दहावीची बोर्डाची परीक्षा रद्द झाली आणि निकाल अंतर्गत मूल्यमापनावर लागला. टाळेबंदीच्या काळात आमच्याकडे प्रवेश घेतलेल्यांनी हातात कानस येण्याआधी कानस कशी चालवायची याचे व्हिडिओ पाहिले. हात बसायला त्यांना वेळ लागला, हे मान्यच करावे लागेल. पण व्हिडिओवर शिकल्यामुळे त्यांना आणखी एक सवय लागली : प्रत्येक कृतीचे कारण विचारण्याची. बोअर (भागातले भोक) ४० मायक्रॉनने लहान आला तर अनुभवी ऑपरेटर एक्सचा वेअर ऑफसेट (व्यासाच्या दिशेने हत्याराच्या जागेत करायची दुरुस्ती) वाढवून मोकळा होतो. शेजारी उभा असलेला नवा मुलगा विचारतो, ‘बाहेरचा व्यास लहान आला तरी प्लसच करायचं का? मग मायनस कधी?’ प्रश्न अगदी रास्त आहे आणि दोन मिनिटांत समजावता येतो, पण बहुतेक ठिकाणी त्याला उत्तर मिळते, ‘सांगतो तेवढं कर.’ असा प्रश्न विचारणारा मुलगा वर्षभरात सेटर (यंत्र कामासाठी जुळवून देणारा कारागीर) होऊ शकतो. त्याला उद्धट ठरवून गप्प बसवले की तो काही आठवड्यांतच निघून जातो, आणि आपण म्हणतो की ही पिढी टिकत नाही.

मुलींचा प्रश्न याहून सोपा असूनही दुर्लक्षित आहे. डिप्लोमा झालेली मुलगी आणि तिचे पालक आधी दोनच गोष्टी विचारतात : ये-जा करण्याची सोय आणि स्वच्छ स्वच्छतागृह. क्वालिटी विभागात मोजमापाचे काम उत्तम करू शकणाऱ्या कितीतरी मुली केवळ यामुळे घरी बसल्या आहेत.

‘आम्ही शिकवायचे आणि त्यांनी हजार रुपयांसाठी शेजारच्या कारखान्यात जायचे’ असे कारखानदार म्हणतात, आणि त्यांची ही व्यथा खोटी नाही. परंतु सहा महिन्यांनी, वर्षाने आणि दोन वर्षांनी कोणते काम येत असेल तर किती पगार, हे पहिल्याच दिवशी कागदावर दिले, तर त्या हजारासाठी उठून जाण्यापूर्वी मुलगा पुढच्या टप्प्याचा नक्कीच विचार करील. माझ्या काही विद्यार्थ्यांनी लहानशा शेडमध्ये टिकून काम केले, ते मालकाने असा शब्द दिला आणि तो पाळला म्हणूनच.

शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ पासून आहे. ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना त्याच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, आणि त्याहून लहान, अगदी चार माणसांच्या शेडलाही ते स्वेच्छेने घेता येतात. उद्यमनगरातील अनेक मालकांना ही दुसरी तरतूद माहीतच नसते. जिथे शिकाऊ मुलाला वर्षभर झाडलोट आणि माल उचलण्यावर ठेवले जाते, तिथे मात्र या योजनेचे नाव खराब होते आणि पुढच्या तुकडीपर्यंत ती बातमी आपोआप पोहोचते.

म्हणून गोशिमा (गोकुळ शिरगाव), स्मॅक (शिरोली), मॅक (कागल-हातकणंगले) आणि कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन या कारखानदारांच्या संघटनांना माझी कळकळीची विनंती आहे की, त्यांनी मिळून नोकरीच्या जाहिरातीचा एकच नमुना ठरवावा. त्यात हातात येणारा पगार, पाळीच्या वेळा, ओव्हरटाइमचा दर, पीएफ, नोकरी कोणाच्या नावावर, वाहतुकीची सोय आणि पहिल्या वर्षात काय शिकवले जाईल, एवढे रकाने असावेत. यंदाची तुकडी बाहेर पडण्यापूर्वी हे नमुने भरून जिल्ह्यातील प्रत्येक औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या आणि तंत्रनिकेतनाच्या फलकावर मराठीत लावावेत. ते मुलांना वाचून दाखवायला आणि त्यांच्या शंका कारखानदारांपर्यंत पोहोचवायला माझ्यासारखे निवृत्त निदेशक आनंदाने वेळ देतील.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक, कोल्हापूर