कोन कशापासून? रबाळ्याच्या काकांना आभार पत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही “बरं बरं, चहा घे” म्हणून विषय संपवता. म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहिते आहे. आणखीही एक कारण आहे. नवी मुंबईत रबाळे, महापे, पावणे, तिकडे ठाण्यात वागळे इस्टेट, इथल्या गाळ्यांमधून माझ्यासारखी डिप्लोमा करून कॉम्प्युटरवर बसलेली बरीच मुलं-मुली आहेत. पाइपला तिरका छेद द्यायचा म्हटलं की त्यांचं काम जिथे अडतं, तिथेच माझंही अडलं होतं. तुम्ही मला जे दाखवलंत ते त्यांच्यापर्यंत जावं असं मनापासून वाटतं.

काम दिसायला सोपं होतं. चार इंची पाइप, एक टोक सरळ, दुसरं तिरकं. सॉलिडवर्क्समध्ये, म्हणजे थ्रीडी ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, पाइप उभा करायला वेळ लागत नाही. पण छेदासाठी स्केच काढायचं कुठे? गोल पृष्ठभाग निवडला तर स्केच उघडतच नाही, त्याला सपाट जागा लागते. तुम्ही शेजारच्या गाळ्यातून स्टूल ओढून माझ्या मागे बसलात, ड्रॉइंग पाहिलंत आणि विचारलंत, “हा तीस अंश कशापासून मोजलाय?”

पार्टीच्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या, ड्रॉइंगवर नुसतं 30° लिहिलेलं होतं. तुम्ही पाइपच्या मधोमध हवेत बोट ओढून अक्ष दाखवलात. सरळ कापापासून तीस की अक्षापासून तीस? बँडसॉच्या, म्हणजे पट्टा-करवतीच्या, कोनपट्टीवर शून्य म्हणजे सरळ काप, तिथे तीस लावले तर अक्षाशी साठ अंश होतात. नावाला चार इंची असला तरी पाइपचा बाहेरचा व्यास 114.3 मिमी. तिरका छेद घेतला की तोंड लंबवर्तुळाकार होतं: त्याची रुंदी व्यासाएवढीच राहते, लांबी मात्र व्यासाला कोनाच्या कोसाइनने भागून येते, आणि तो कोन सरळ कापापासूनचा धरायचा. म्हणजे पहिल्या अर्थाने तोंड 132 मिमी लांब, दुसऱ्या अर्थाने 228.6. ड्रॉइंगवर आकडा एकच, पण पाइप वेगळाच. तुम्ही पार्टीला फोन करायला लावलात आणि लोखंडाला करवत लागायच्या आधी उत्तर आलं. कापलेल्या तोंडाची लांबी टेपने मोजली की कोन बरोबर आला का ते कळतं, हेही त्याच वेळी शिकवलंत. आजही प्रत्येक जॉबला मी ते करते.

खरं तर सॉफ्टवेअरमधलं उत्तरही त्याच प्रश्नात होतं. कोन अक्षाशी जोडलेला आहे, तर स्केच अक्षातून जाणाऱ्या प्लेनवर, म्हणजे सपाट काल्पनिक पातळीवर, काढायचं. टॉप प्लेनवर, ओरिजिनला केंद्र धरून वर्तुळ काढलं असेल तर फ्रंट प्लेन आपोआपच अक्षातून जातं. त्यावर एक सेंटरलाइन, तिच्याशी हव्या त्या कोनात एकच तिरकी रेघ, पाइपच्या दोन्ही कडांच्या बाहेर जाईल एवढी लांब. मग एक्स्ट्रूडेड कट ही कमांड, थ्रू ऑल म्हणजे आरपार, दोन्ही बाजूंना. चुकीचा भाग उडताना दिसला तर फ्लिप साइड. पाइप ओरिजिनपासून दूर असेल तर टेम्पररी अ‍ॅक्सिस दिसू द्यायचा आणि त्यावरून प्लेन बनवायचं. तुम्ही माउसला हातही लावला नव्हता, पण पुढची वाट तुमच्या प्रश्नानेच दाखवली.

दोन्ही टोकं तिरकी आणि दोन छेद वेगवेगळ्या दिशांना, असा जॉब आला तेव्हा तुम्ही पाइपवर सोपस्टोनच्या खडूने लांबीच्या दिशेने सरळ रेघ मारलीत. “आता या रेघेपासून मोज.” स्क्रीनवर मी तेच केलं: दुसरं प्लेन अक्षाभोवती तेवढ्या अंशांनी फिरवलं, आणि ड्रॉइंगमध्ये रेघही दाखवली. फॅब्रिकेशनवाल्याला ती रेघ मिळाली की त्याला काही विचारावं लागत नाही.

टेम्प्लेटचा, म्हणजे पाइपवर गुंडाळून कापाची रेघ आखायच्या कागदाचा, दिवस मात्र मी कधीच विसरणार नाही. 45 अंशांचा छेद होता. तुम्ही चार्ट पेपरवर 359 मिमी लांबीची रेघ काढलीत, म्हणजे पाइपचा घेर, आणि तिचे बारा भाग केलेत. मग एकेका भागावर उंच्या टाकत गेलात: शून्य, 7.7, 28.6, 57.15, 85.7, 106.6, 114.3, आणि तशाच उलट खाली. ठिपके हाताने जोडलेत, तर वहीत असंख्य वेळा काढलेली साइनची लाट समोर उभी राहिली. माझ्या फ्लॅट पॅटर्नची, म्हणजे सॉफ्टवेअरने उलगडून सपाट केलेल्या आकाराची, एकास एक प्रिंट तुमच्या कागदावर ठेवून आपण दोन्ही ट्यूबलाइटसमोर धरले. लाटेवर लाट बसली. त्रिकोणमिती इतकी सुंदर असते हे मला कुठल्याही वर्गात दिसलं नव्हतं.

पत्र्याच्या डक्टच्या वेळी तुम्ही जाडीकडे लक्ष वेधलंत. पाइपवर कागद गुंडाळायचा तर बाहेरचा व्यास, पण पत्रा रोल करायचा तर मधला. 500 मिमी बाहेरचा व्यास आणि 3 मिमी पत्रा असेल तर पत्र्याची लांबी 497 वर काढायची, 500 वर नाही. नाहीतर जवळजवळ साडेनऊ मिमीचा फरक पडतो. शिवाय लेझरवर काटकोनात कापलेली कड रोल झाल्यावर बेंडच्या पोटाला (वळणाच्या आतल्या अंगाला) बाहेरून टेकते आणि पाठीला (बाहेरच्या अंगाला) आतून. जाड प्लेटला हे ध्यानात ठेवलंच पाहिजे. आणि चार तुकड्यांच्या काटकोनी बेंडला जोड तीन, दर जोडाला वळण 30 अंशांचं, ते दोन तोंडांत निम्मं-निम्मं, म्हणून प्रत्येक काप 15 अंशांचा. करवतीचा कोन तसाच ठेवून दर कापानंतर पाइप 180 अंश फिरवायचा, म्हणजे करवतीच्या जाडीपलीकडे माल वाया जात नाही.

काका, हे सगळं तुम्ही स्वतःचा जॉब बाजूला ठेवून सांगत होतात. तुमची वेल्डिंगची माणसं हाक मारत असायची, आणि तुम्ही “आलो” म्हणून माझा प्रश्न पुरा करूनच उठायचात. मला कधी “तुला काय कळतं” असं म्हणाला नाहीत. मुलीने शॉपफ्लोअरवर कशाला यावं, असं म्हणणाऱ्यांना तुम्ही एकदाच उत्तर दिलंत, “काढलंय तिने, तर जुळलेलं बघायला तीच येणार.” त्यानंतर मला कुणी अडवलं नाही. त्याबद्दलचे आभार वेगळे आणि सगळ्यांत मोठे.

आता एक मागणं. सारख्या व्यासाच्या दोन पाइपांचा टी-जोड असेल तर शाखेचं तोंड 45 अंशांच्या दोन सरळ छेदांतच बसतं, हे तुम्ही दाखवलंत आणि मी मॉडेल करून पाहिलं. पण पुढच्या जॉबला शाखा बारीक आहे, तिरकी आहे आणि मुख्य पाइपच्या मध्यावरही नाही. ती कड कुठल्याच एका प्लेनमध्ये बसत नाही. मॉडेल तयार आहे, प्रिंटही काढून ठेवते. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत तुमचा चार्ट पेपर घेऊन याल का? चहा माझ्याकडून.

तुमची,
शेजारच्या गाळ्यातली ड्राफ्ट्समन
रबाळे, नवी मुंबई