सूचना : बँकेची ताबा-नोटीस लागलेला फ्लॅट

सभासदहो, बी विंगमधल्या एका फ्लॅटच्या दारावर बँकेची ताबा-नोटीस चिकटवलीय, तीही थेट नेमप्लेटवर. आतल्या भाडेकरूंचा यात काडीचाही दोष नाही, तेव्हा जिन्यात कुजबुज नको.

नोटीस २००२ च्या सरफेसी कायद्याखालची आहे, म्हणजे कर्ज थकलं की गहाण मालमत्ता बँकेला ताब्यात घेऊ देणारा कायदा. भाडेकरूंनो, ‘भाडं आमच्याकडे भरा’ असं बँकेने लेखी कळवलं, तर ते मालकांना देऊ नका, पावत्या जपा. ताब्याला हरकत असेल तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, पण नोंदणीकृत करार हाताशी हवा. तो नोंदवणं मालकांचीच जबाबदारी. डिपॉझिटही मालकांकडेच मागायचं.

आणि मालकांनो, थकबाकीची ६० दिवसांची नोटीस हातात पडल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय नवा भाडेकरू आणू नका. सोसायटी एनओसी देणार नाही.

– सचिव