स्पेअर पार्ट्सच्या काउंटरवरचं काम शिकवणार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की आयटीआयच्या प्रवेशाच्या बातम्या सुरू होतात. कुठल्या ट्रेडला किती अर्ज आले, कुठे जागा रिकाम्या राहिल्या, हे आपल्या दैनिकात दरवर्षी सविस्तर येतं. मेकॅनिक मोटर व्हेईकल, डिझेल मेकॅनिक, टू-व्हीलर मेकॅनिक या ट्रेडकडे आमच्या भागातली बरीच मुलं जातात. पण या मिस्त्र्यांना दिवसभर पार्ट काढून देणाऱ्या माणसाच्या शिक्षणाबद्दल एक ओळही वाचायला मिळत नाही. मी कराडला कोल्हापूर नाक्याजवळ आमच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात बसते. लग्न होऊन आले तेव्हा बी. कॉम. झालेलं होतं, पुढचं सगळं मामंजींनी काउंटरवर उभं करून शिकवलं. घरात शिकवणारं माणूस होतं म्हणून माझं निभावलं. बाहेरच्या मुलांनी हे कुठे शिकायचं, एवढ्यासाठीच हे पत्र लिहिते आहे.

बऱ्याच जणांना वाटतं, मागेल ते रॅकमधून काढून द्यायचं, यात शिकण्यासारखं काय आहे? सकाळी नऊ वाजता एकदा काउंटरवर उभं राहून बघावं. गॅरेजमधला पोऱ्या येतो आणि म्हणतो, "वहिनी, पुढच्या चाकाचं बेअरिंग द्या." कुठल्या गाडीचं विचारलं तर नुसतं गाडीचं नाव सांगतो. साल कुठलं, ड्रम ब्रेक की डिस्क, हे त्याला मिस्त्रीने सांगितलेलंच नसतं. जुनं बेअरिंग सोबत आणलं असेल तर निम्मं काम झालं. ग्रीस पुसून कडेवरचा नंबर वाचायचा. 6201 आणि 6301, दोन्हींचं भोक 12 मिलिमीटर, म्हणजे अ‍ॅक्सलवर दोन्ही सरकतात. बाहेरचा व्यास मात्र पहिल्याचा 32 आणि दुसऱ्याचा 37. शेवटचे दोन आकडे 04 किंवा त्यापुढचे असले की त्यांना पाचाने गुणायचं, आतलं माप मिळतं. 6204 म्हणजे 20, 6205 म्हणजे 25. 00 पासून 03 पर्यंत हा हिशेब चालत नाही, तिथे 10, 12, 15, 17 हे पाठच करावं लागतं. नंबरानंतर झेडझेड असेल तर पत्र्याचं झाकण, टूआरएस असेल तर रबराचं. सी-थ्री असेल तर आत नेहमीपेक्षा थोडी जास्त ढील ठेवलेली असते, कारण गरम झाल्यावर लोखंड फुगतं. मामंजींनी जुन्या बेअरिंगचा डबा काउंटरवर ओतला आणि हे सगळं मला एका दुपारी दाखवलं. आयटीआयच्या मुलाला व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, धरता येतं, त्याला तर हे शिकायला तेवढाही वेळ लागणार नाही. पण तिथे ते कुणी दाखवत नाही, कारण तिथे मुलाला पार्ट बसवायला शिकवतात. पार्ट ओळखणं, मागवणं, साठवणं आणि विकणं हे त्याचं काम धरलेलंच नाही.

2017 पासून हे काम आणखी अवघड झालंय. त्या वर्षी 1 एप्रिलला देशभर गाड्यांच्या धुराबद्दलचा बीएस-फोर हा नियम आला, 1 एप्रिल 2020 ला त्याहून कडक बीएस-सिक्स. गाडीचं नाव तेच राहिलं आणि आतलं सगळं बदललं. रोजच्या वापरातल्या बहुतेक मोटारसायकलींचा कार्बोरेटर जाऊन तिथे फ्युएल इंजेक्शन आलं, सेन्सर आले, वायरिंग वेगळं झालं. आता नुसत्या नावावर पार्ट दिला की तो संध्याकाळी परत आलाच म्हणून समजा. चेसिस नंबर मागावा लागतो. तो 17 अक्षरी असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतातच, एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून. फोनवर गिऱ्हाईक "ओ" म्हणालं तर मुलाने मुकाट्याने शून्य लिहायचं, एवढं साधं ज्ञान. पण ते नसलं की कॉम्प्युटरवरच्या कॅटलॉगमध्ये गाडी सापडत नाही आणि पोरगं घाबरून "स्टॉक नाही" असं सांगून मोकळं होतं. कंपन्या जुना पार्ट नंबर बंद करून नवा देतात, त्याला आमच्यात सुपरसीड म्हणतात. ते बघायची सवय नसेल तर नवा पार्ट रॅकमध्ये असतानाही माल बंद झाला म्हणून गिऱ्हाईक परत पाठवलं जातं.

गिऱ्हाईकाशी बोलणं हाही शिकण्याचा विषय आहे. इथे नुसतं गोड बोलून भागत नाही, नेमकं विचारता यावं लागतं. कारच्या समोर उभा राहिलेला माणूस आपल्या उजव्या हाताकडच्या दिव्याला उजवा दिवा म्हणतो. कॅटलॉगमध्ये मात्र डावं-उजवं ठरतं ते सीटवर बसून पुढे बघणाऱ्याच्या हिशेबाने. म्हणून आमच्याकडे उजवा-डावा असं विचारायचंच नाही, "ड्रायव्हर साइड की क्लीनर साइड?" असं विचारायचं. हेडलाइट, आरसा, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, दाराचं हँडल, सगळ्यांना हाच प्रश्न.

गळीत हंगामात तर याची परीक्षाच असते. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या रस्त्याच्या कडेला उभ्या, ट्रॅक्टरच्या हबमधून तेल गळतंय आणि ड्रायव्हर फोनवर ओरडतोय, "लगेच सील काढून ठेवा." ऊस वाळला की वजन घटतं, शेतकऱ्याचं नुकसान तासागणिक वाढतं, त्यामुळे त्याचा आवाज चढलेला असणारच. अशा वेळी काउंटरवरच्या मुलाने न चिडता कंपनी, हॉर्सपॉवर, साल आणि चाक पुढचं की मागचं, हे क्रमाने विचारायचं असतं. जुन्या सीलवर, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्यावर, माप कोरलेलं असतं, आधी शाफ्टचं, मग बाहेरचं, मग जाडीचं, समजा 35-52-7. ते चिखल पुसून फोटो काढून पाठवायला सांगायचं. पाच मिनिटांत योग्य सील पिशवीत पडतं. हे न विचारता अंदाजाने तीन सील देऊन पाठवणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यातलं एकही बसलं नाही की शेतकऱ्याने परत पंधरा किलोमीटर यायचं.

ऑइलचंही तसंच. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, म्हणून डब्यावर जेएएसओ एमए किंवा त्याच्या पुढचा एमए-टू लिहिलेलं ऑइल द्यावं लागतं. घरात उरलंय म्हणून कारचं ऑइल घातलं की क्लच घसरायला लागू शकतो आणि लोक क्लच प्लेट मागायला येतात. तिथे प्लेट विकून मोकळं व्हायचं, की आधी "ऑइल कुठलं घातलं होतं?" असं विचारायचं, इथे कळतं की काउंटरवर शिकलेला माणूस उभा आहे. बीएस-सिक्स ट्रकचे ड्रायव्हर युरियाचं पाणी, म्हणजे डीईएफ, न्यायला येतात. शेतातला युरिया बादलीत कालवून चालेल का, असं विचारणारेही भेटतात. ते द्रावण 32.5 टक्क्यांचंच आणि शुद्ध लागतं, खताच्या युरियाने सायलेन्सरमधली धूर साफ करणारी महागडी यंत्रणा बिघडते, हे त्यांना न हिणवता सांगता आलं पाहिजे.

कायद्याचं ज्ञान तर कुठेच दिलं जात नाही. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही ओळ अजून कित्येक बिलांवर छापलेली असते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलीच नसेल तर 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणं हीसुद्धा. 22 सप्टेंबर 2025 पासून कार, ट्रक आणि मोटारसायकलींच्या सुट्या भागांवरचा जीएसटी 18 टक्के झाला, त्याआधी बऱ्याच पार्टवर 28 होता. त्या दिवसांत जुन्या एमआरपीचा खोका हातात धरून गिऱ्हाईक भाव विचारायचं तेव्हा समजावून सांगू शकणारी मुलं किती दुकानांत होती? अडाणी म्हणून मी त्यांना दोष देत नाही. त्यांना कुणी शिकवलेलंच नव्हतं.

आता प्रशिक्षणाच्या नावाखाली काय चालतं तेही लिहायला हवं. एका प्रशिक्षण केंद्रातून दोन मुलं आमच्याकडे आली. दोघांकडे विक्री आणि ग्राहक सेवेचं प्रमाणपत्र, रंगीत, शिक्क्यासकट. हसून स्वागत कसं करायचं हे त्यांना येत होतं. इनव्हॉइसवरचा एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीसाठी मालाचा प्रकार सांगणारा आकडा, म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आणि अभ्यासक्रम संपेपर्यंत एकदाही कुठलाच पार्ट हातात दिला नव्हता, असं त्यांनीच सांगितलं. मुलं मेहनती होती, त्यातला एक आजही आमच्याकडे आहे आणि टू-व्हीलरच्या मालात तरबेज झाला आहे. त्याचे ते महिने मात्र वाया गेले, आणि त्यासाठी कुणीतरी पैसे भरले असतीलच.

वाहन उद्योगाची स्वतःची कौशल्य परिषद आहे, राज्याचं कौशल्य विद्यापीठ आहे. शिकाऊ उमेदवारीचा कायदा तर 1961 पासून आहे. पण त्या कायद्याच्या नियमांप्रमाणे 30 आणि त्याहून जास्त माणसांच्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं सक्तीचं आणि 4 ते 29 माणसं असतील तर ऐच्छिक. आमच्या दुकानात मी, दीर आणि हा मुलगा, असे तिघेच. म्हणजे आम्हाला शिकाऊ उमेदवार घ्यायची इच्छा असली तरी दार बंद. कराड, सांगली, सातारा, अगदी पुण्याच्या नाना पेठेतली दुकानं पाहिली तरी तीन-तीन माणसांवर चालणारी कितीतरी सापडतील. हे काम जिथे खऱ्या अर्थाने शिकता येतं, नेमक्या त्याच जागा योजनेच्या बाहेर राहिल्या आहेत. कॅनडात पार्ट्स टेक्निशियन हा मेकॅनिकसारखाच रीतसर शिकाऊ उमेदवारीचा व्यवसाय मानतात आणि परीक्षा पास झालेल्याला देशभर चालणारा रेड सीलचा दाखला मिळतो. अमेरिकेतही मिस्त्र्यांची परीक्षा घेणारी एएसई ही संस्था पार्ट्सच्या माणसाची वेगळी परीक्षा घेते. आपल्याकडे मात्र या मुलाला घरचे लोक "दुकानात कामाला आहे" एवढंच सांगतात आणि लग्नाच्या बोलणीत तर तेही सांगत नाहीत. खरं तर हे काम नीट आलेला मुलगा डीलरच्या पार्ट्स विभागात जाऊ शकतो, चाकणच्या गोदामांत जाऊ शकतो, चार वर्षांनी स्वतःचं दुकान टाकू शकतो. मुलींनाही हे काम सहज जमतं. मी काउंटरवर असते म्हणून स्कूटर घेऊन आलेल्या बायका निःसंकोच विचारतात, "ताई, मिस्त्रीने हे बदलायला सांगितलंय, खरंच बदलायला हवंय का?"

माझं म्हणणं एवढंच. आयटीआयच्या वाहन ट्रेडला जोडून सहा महिन्यांचा सुट्या भागांचा आणि ग्राहक सेवेचा अभ्यासक्रम सुरू करावा. आठवड्यातले तीन दिवस वर्गात आणि तीन दिवस दुकानात. बाजारपेठेतल्या पाच-सहा छोट्या दुकानांनी मिळून एक आस्थापना म्हणून नोंदणी करायची मुभा द्यावी, म्हणजे मुलगा एका दुकानात टू-व्हीलर, दुसऱ्यात ट्रॅक्टर, तिसऱ्यात ट्रकचा माल शिकेल आणि विद्यावेतनाचा भार वाटला जाईल. परीक्षा कागदावर न घेता काउंटरवर घ्यावी. वीस जुने पार्ट समोर ठेवायचे, ओळखा, नंबर काढा, कुठल्या गाडीला चालतो ते सांगा. आमच्या ओळीतल्या दुकानदारांशी मी बोलले आहे. वर्गासाठी लागतील तेवढे जुने बेअरिंग, सील, क्लच प्लेट आणि बंद पडलेले सेन्सर आम्ही फुकट देऊ, जुने कॅटलॉगही देऊ, आणि सोमवारी बाजार बंद असतो तेव्हा शिकवायलाही येऊ. आयटीआयच्या प्राचार्यांनी किंवा कौशल्य विकास विभागाच्या अधिकाऱ्यांनी एकदा येऊन आमच्याशी बोलावं. ऑगस्टमध्ये नवं सत्र सुरू होतं, त्याआधी ही बैठक झाली तर यंदाच पहिली तुकडी बसवता येईल.

कळावे,
आपली नम्र,
एक दुकानदार वाचक, कराड