नाक्यावरच्या प्रश्नाचं उत्तर

मरोळ गावठाण, अंधेरी (पूर्व), मुंबई
१४ जानेवारी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

रविवारी तू नाशिकच्या गाडीच्या घाईत होतास आणि नाक्यावर चहा संपता संपता विचारलंस, "आपल्याकडे दुःखाची टंचाई पडली का रे, म्हणून इतक्या लांब निघालास?" मी काही बोललो नाही. मला राग आला असं तुला वाटलं असेल. राग नाही आला. पण तू रिक्षात बसून गेलास आणि तेव्हापासून तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. काल पाट्यावर मिरची वाटताना उत्तराचं एक टोक हाती लागलं, म्हणून कागद घेऊन बसलोय.

आधी तिकडचं, दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हियाचं सांगतो, जिथे मला मिशनरी म्हणून पाठवलंय. फोनवर मी तुला दर वेळी "बरं चाललंय" एवढंच सांगत आलो. पहिले तीन महिने बरं चाललेलं नव्हतं.

मी राहतो ते कोचाबांबा शहर समुद्रसपाटीपासून साधारण २,५५० मीटर उंच, म्हणजे महाबळेश्वरच्या जवळजवळ दुप्पट. सुरुवातीला जिना चढतानाही धाप लागायची. ती आठवड्याभरात गेली. मुकेपण मात्र गेलं नाही. तू मला लहानपणापासून ओळखतोस. गावठाणात कुणाकडे रोझरी असली की प्रार्थना सांगायला मी पुढे, शाळेत वक्तृत्वाला मी पुढे. बोलणं हीच माझी मिळकत होती. आणि तिथे दुकानात उभं राहून साधा साबण मागता येईना. ज्या कुटुंबात मी राहायचो त्यांची चार वर्षांची मुलगी जेवताना माझी चूक दुरुस्त करायची आणि मी तिच्यामागून पुन्हा म्हणायचो. आमच्या प्रशिक्षणाचा नियमच तसा आहे: पहिले सहा महिने कुठलंही काम अंगावर घ्यायचं नाही. सकाळी चार तास स्पॅनिशचा वर्ग, दुपारी वस्तीत फिरून लोकांचं ऐकायचं, रात्री वहीत लिहायचं. आपल्याला काही द्यायला आलोय ही ऐट त्या वहीत फार लवकर विरघळते.

वर्गात आम्ही तिघं. पोलंडच्या एक सिस्टर, कोरियाचे एक फादर आणि मी. एक दिवस बाईंनी 'मे गुस्ता' शिकवायला घेतलं. मला पाव आवडतो, याला ते 'मे गुस्ता एल पान' म्हणतात. आवडणारा पाव कर्ता आणि मी नुसता 'मला'. ते दोघं दोन दिवस अडून बसले, कारण त्यांना 'मी पाव आवडतो' असंच म्हणायचं होतं. मला पाच मिनिटांत कळलं. मराठी आपली आई कशी पाठीशी उभी राहते, ते मला त्या दिवशी दिसलं! त चा उच्चारही आपलाच, जीभ दाताला लावून. तू आणि तुम्ही आहेतच. बादलीला बाल्दे, दाराच्या बिजागरीला बिसाग्रा, आणि पैसे चुकते करायला पगार. हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणले, त्यांच्याकडे स्पॅनिशांनी. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी दोन वेगळ्या जहाजांतून उतरलेले शब्द मला तिथे एका खोलीत भेटले.

त्या जहाजांबद्दल तू कधी स्पष्ट विचारलं नाहीस, पण ते तुझ्या मनात असतं हे मला ठाऊक आहे. माझ्याही मनात असतं. सीप्झ या आपल्या औद्योगिक वसाहतीच्या आतलं ते १५७९ सालचं पडकं चर्च आपण दोघांनी मिळून पाहिलंय. आमच्या घरात श्रद्धा त्या जहाजातून आली, आणि तिच्यासोबत बंदुकाही आल्या. बोलिव्हियात तेच झालं. १५४५ मध्ये पोतोसीच्या डोंगरात चांदी सापडली आणि तिथल्या माणसांना पिढ्यानपिढ्या खाणीत जुंपलं गेलं. मी हे विसरून तिथे जाऊ शकत नाही. मी कुणाला बाटवायला जात नाही, हेही लिहून ठेवतो. ते लोक माझ्याआधीपासून त्याच प्रभूला मानतात. गावं खूप, धर्मगुरू थोडे, म्हणून आम्हाला बोलावतात.

आता त्या म्हातारीचं सांगतो. तिला सगळे दोन्या म्हणतात, आपण बाई किंवा मावशी म्हणू तसं, मानानं. ला कांचा नावाचा अफाट बाजार आहे तिथे, आपल्या क्रॉफर्ड मार्केटसारखे कितीतरी त्यात मावतील. तिथे ती बटाटे विकते. काळे, जांभळे, बोटाएवढे, मुठीएवढे. आपला बटाटा मूळचा त्याच डोंगरांतला. बटाटेवड्याचं माहेर ते! मी रोज दुपारी तिच्या पोत्यांपाशी बसायचो, कारण तिचं स्पॅनिश मला कळायचं. बाकी सगळे भराभर बोलायचे, ती एकेक शब्द ठेवल्यासारखा बोलायची. मला वाटायचं, माझ्यासाठी सावकाश बोलते. दोन महिन्यांनी कळलं की तिची भाषा केचुआ. स्पॅनिश तिलाही मोठेपणी, बाजारात बसल्यावर शिकावं लागलं. आम्ही दोघंही उसन्या भाषेत बोलत होतो.

२३ मार्चला तिथे समुद्राचा दिवस असतो. १८७९ साली सुरू झालेल्या युद्धात चिलीनं त्यांचा किनारा घेतला, तेव्हापासून देशाला समुद्रच नाही. शाळेची मुलं हरवलेल्या समुद्रासाठी मिरवणूक काढतात. मी दोन्याला म्हटलं, माझ्या गावाला तिन्ही बाजूंनी पाणी. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "मग त्याचा आवाज कसा असतो?" मला सांगता आलं नाही. मराठीतही आलं असतं का, कोण जाणे. मी तोंडानं लाटेचा आवाज काढून दाखवला, आणि तिनं डोळे मिटून ऐकला.

नोव्हेंबरच्या १ तारखेला तिनं मला घरी बोलावलं. मृतांचा दिवस. आपण २ तारखेला कबरीवर फुलं-मेणबत्त्या ठेवतो, तुमच्याकडे सर्वपित्रीला पान वाढतात, तसं तिथे १ तारखेच्या दुपारी आत्मे घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परततात असं मानतात. टेबल मांडतात. त्यावर माणसाच्या चेहऱ्याचे पाव, तांतावावा, म्हणजे पावाची बाळं. आत्म्याला चढायला-उतरायला पावाचीच शिडी. टेबलावर तिच्या मुलाचा फोटो होता. तो पोतोसीला खाणीत कामाला गेला आणि छातीच्या आजारानं गेला. रीत अशी की आलेल्या माणसानं मृतासाठी प्रार्थना म्हणायची आणि घरच्यांनी त्याला पाव द्यायचा. मी उभा राहिलो, स्पॅनिशमध्ये सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला अडकलो. घसा भरून आला होता म्हणून अडकलो की विसरलो, मला अजून सांगता येत नाही. दोन्या माझ्या दंडाला धरून म्हणाली, "एर्मानितो, म्हणजे भावा, तुझ्या भाषेत म्हण. माझ्या पोराला तरी कुठे नीट येत होतं स्पॅनिश."

मी मराठीत म्हटली. 'नमो मरिये' ही मरियेची प्रार्थना दहा वेळा, आजी म्हणते त्या चालीत. खोलीतल्या कुणालाही एक अक्षर कळलं नाही, आणि सगळे शेवटपर्यंत उभे राहिले. मग तिनं माझ्या हातात दोन पाव ठेवले.

धर्मशिक्षणाच्या वर्गात आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियांची गोष्ट आम्ही घोकायचो: १५९७, नागासाकी, क्रूसावर मृत्यू. त्याआधी ते फ्रान्सिस्कन संघाच्या स्पॅनिश धर्मगुरूंचे दुभाषे होते, जपानी भाषा येणारे, हे मी वाचलं होतं पण मनात धरलं नव्हतं. आता त्या मरणापेक्षा दुभाषेपणाचीच मला जास्त ओढ वाटते. दोन माणसांच्या मधे उभं राहायचं आणि एकाचं दुसऱ्याला पोचवायचं.

परवा घरी आलो तेव्हा आजीचा पाटा मोरीमागे पडलेला, वर बादली. मिक्सर आल्यापासून कुणी हात लावला नव्हता. मी तो घासूनपुसून ओट्याखाली मांडला. दोन्याकडे असाच दगड आहे, बाटान म्हणतात. आपला वरवंटा पुढे-मागे जातो, तिचा दोन्ही हातांत डावीकडून उजवीकडे डोलतो. त्यावर ती लोकोतो मिरची, टोमॅटो आणि किर्किन्या नावाचा पाला वाटते, त्याला ल्याख्वा म्हणतात. लोकोतो इथे कुठून आणू, लवंगी मिरची घेतली. किर्किन्याऐवजी कोथिंबीर. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे आजीला अजून नीट दिसत नाही, ती खाटेवर बसून नुसता आवाज ऐकत होती. म्हणाली, "पाणी कमी घाल, आवाज ओला येतोय." मग बोटानं चाखून, "मीठ कमी. बाकी आपलाच ठेचा हा, टमाटा घातलेला. कुणाच्या हातचा?" मी दोन्याबद्दल सगळं सांगितलं. मुलाचं ऐकल्यावर ती गप्प झाली. थोड्या वेळानं उठून चाचपडत कपाटापाशी गेली आणि आमच्या घरगुती बॉटल मसाल्याची एक बाटली काढून माझ्या पुढ्यात ठेवली. "तिला दे. सांग, मटणात घालायचा."

आपल्याकडे दुःखाची टंचाई नाही, मित्रा. मानखुर्दला तू मला नेलं होतंस, ते मी विसरलेलो नाही. पण दुःख मोजून कुठे जायचं ते मी ठरवलं नाही. मला पाठवलं गेलं आणि मी हो म्हटलं. आता तिथे एक बाई आहे जिच्या पोराच्या फोटोसमोर मी मराठीत बोललोय. फेब्रुवारीत परत येतो असं तिला सांगून आलोय.

एक काम सांगतो, नाही म्हणू नकोस. रविवारी मरोळला आलास की आजीकडे डोकावत जा. मी तिला आवाजी निरोप पाठवतो, पण फोनवरचं बटण तिला दिसत नाही आणि शेजारच्यांना सारखं विचारायला तिला संकोच वाटतो. तू दाबून दे आणि ती काय म्हणते ते तिच्याच आवाजात मला परत पाठव. तिथे साडेनऊ तास मागे असतं, तू दुपारी पाठवलास तर मला पहाटे उठल्या उठल्या मिळेल. बरोबर दोन पाव घेऊन जा. ती तुला चहा दिल्याशिवाय सोडणार नाही.

काकूंना नमस्कार.

तुझाच,
मरोळचा