‘मांबाझो’तील इतर आवाजांचीही नोंद व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील जागतिक संगीतावरील लेखात ‘लेडीस्मिथ ब्लॅक मांबाझो’ या दक्षिण आफ्रिकेतील गायकवृंदाचा उल्लेख ‘पॉल सायमन यांचे साथीदार’ एवढाच आला आहे, तो वाचून वाईट वाटले. अमेरिकी गायक सायमन यांच्या १९८६ च्या ‘ग्रेसलँड’ या ध्वनिमुद्रिकेमुळे हे गायक जगभर पोहोचले हे खरेच, परंतु लेडीस्मिथ गावच्या जोसेफ शबालाला यांनी हा वृंद त्याच्या वीसेक वर्षे आधी उभा केला होता, ‘अमाबुथो’ ही त्यांची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका १९७३ साली निघाली होती आणि झुलू श्रोत्यांमध्ये त्यांचे नाव केव्हाच झाले होते. ‘ग्रेसलँड’मधील ज्या ‘होमलेस’मुळे त्यांना साथीदार ठरवले जाते, त्या गाण्याचे रचनाकार म्हणूनही सायमन यांच्या जोडीने शबालाला यांचे नाव आहे.

ही गायकी, म्हणजे ‘इसिकाथामिया’, वाढली ती खाणी-कारखान्यांत राबण्यासाठी गाव सोडून आलेल्या मजुरांच्या वसतिगृहांत. शनिवारी रात्री तिथे गाण्याच्या चढाओढी रंगत, आणि पहारेकऱ्यांना चाहूल लागू नये म्हणून नाचताना पावले चवड्यांवर पडत, असे सांगतात. मांबाझो या स्पर्धा इतक्यांदा जिंकू लागले, की त्यांना स्पर्धेबाहेर ठेवून नुसते गायला बोलावण्याची वेळ आली. वाद्य एकही नाही. एक जण ओळ उचलतो, वरच्या सुरात एक-दोन आवाज असतात आणि उरलेले सारे खर्जात. मुख्य गायकाची ओळ संपायच्या आत हा खर्ज खालून भरून येतो, मधेच एकदम थांबतो, आणि त्या थांबण्यात सात-आठ जणांपैकी एकाचाही श्वास पुढेमागे होत नाही. आपल्याकडे दिंडीत विणेकरी सर्वांना ठाऊक असतो, पण अभंग पेलतात ते टाळकरी. इथेही तसेच आहे.

म्हणूनच या वृंदाविषयी लिहिताना केवळ संस्थापकाचे नाव पुरत नाही. शबालालांचे चुलतभाऊ अल्बर्ट मझिबुको १९६९ मध्ये आले आणि अनेक दशके गात राहिले. शबालालांचे बंधू हेडमन यांना डिसेंबर १९९१ मध्ये एका गोऱ्या सुरक्षारक्षकाने गोळी घालून ठार केले. घरातच एवढा मोठा घाव बसूनही वृंद मोडला नाही, उलट १९९३ साली नेल्सन मंडेला नोबेल स्वीकारायला ओस्लोला गेले तेव्हा हेच गायक त्यांच्यासोबत होते. जोसेफ यांच्या सिबोंगिसेनी, थामसांका आदी मुलांनी पुढे वडिलांचे काम हाती घेतले, त्यामुळे फेब्रुवारी २०२० मध्ये जोसेफ शबालाला यांचे निधन झाले तरी गाणे थांबले नाही. वृंदाला मिळालेली पाच ग्रॅमी पारितोषिके या सर्वांची आहेत.

पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहिले जाईल तेव्हा गायकांची नावे छापावीत आणि १९८६ पूर्वीच्या कामगिरीलाही जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली