मुक्तीच्या आधीचा हिवाळा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नेदरलँड्सच्या मुक्तिदिनावरचा आपल्या रविवारच्या अंकातला लेख वाचला. रणगाड्यांवर चढलेली पोरंसोरं, कॅनडाच्या सैनिकांना मिठ्या मारणारी माणसं, ५ मे १९४५ चा जल्लोष छान उतरला आहे. पण त्याआधीचा हिवाळा लेखकाने 'अन्नटंचाई होती' एवढ्या दोन शब्दांत उरकला. अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून एकतीस वर्षं पोरांची वजनं पाहण्यात गेली माझी. ते दोन शब्द मला टोचले, म्हणून हे पत्र.

सप्टेंबर १९४४ मध्ये दोस्त सैन्य दक्षिणेतून आत शिरलं, १४ तारखेला मास्ट्रिख्ट सुटलं. पुढे राइन नदीवरचा आर्नेमचा पूल काही हाती आला नाही आणि अ‍ॅमस्टरडॅम, रॉटरडॅम, हेग ही पश्चिमेची मोठी शहरं जर्मनांच्या ताब्यातच राहिली. त्या मोहिमेला हातभार म्हणून लंडनमध्ये आश्रयाला गेलेल्या डच सरकारने १७ सप्टेंबरला रेल्वे कामगारांना संपाची हाक दिली होती. हजारो कामगार काम सोडून गेले. त्याचा सूड म्हणून जर्मन प्रशासक झाइस-इंक्वार्टने पश्चिमेकडे जाणारं अन्नधान्य अडवलं. बंदी सैल होते न होते तोच कडाक्याची थंडी पडली, कालवे गोठले आणि बोटीही अडकल्या. शिधापत्रिकेवर मिळणारं अन्न दिवसाला हजार कॅलरींच्या खाली गेलं, पुढे पाचशेच्याही आसपास आलं. वीस हजारांच्या आसपास माणसं गेली. डच लोक याला 'होंगरविंटर' म्हणतात, म्हणजे भुकेचा हिवाळा.

माझी लेक अ‍ॅमस्टरडॅमजवळ आम्स्टेल्फेनला असते. गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे होते, तेव्हा शेजारच्या आजींशी ओळख झाली. वय नव्वदीला टेकलेलं. त्या डचमध्ये सांगायच्या, लेक मराठीत. ट्युलिपचे कंद खाल्ल्याचं मी कुठेतरी वाचलं होतं. त्यांनी माझ्यासमोर एक कंद विळीवर कांदा चिरावा तसा उभा चिरला आणि मधला पिवळा कोंब बोटाने काढून दाखवला. तो पोटाला बाधतो, म्हणून आई आधी तो काढायची. मग कंद उकडायचे, किसून साखरबीटात मिसळायचे. बीट शिजताना घरभर सुटणारा गोडसर वास त्यांना आजही सहन होत नाही.

त्यांचं दुसरं बोलणं माझ्या मनातून जात नाही. गॅस नाही, वीज नाही, कोळसा नाही. पत्र्याच्या डब्याएवढ्या चुलीत चिपाट्या घालून रांधायचं. त्यांचा थोरला भाऊ रात्री ट्रामच्या रुळांमधले लाकडी ठोकळे उपटून आणायचा. ते संपल्यावर रिकाम्या घरांत शिरायचा. एकदा जिन्याचा कठडा आणला. पॉलिश केलेलं लाकूड, लगेच पेटलं, असं त्या म्हणाल्या आणि एकदम गप्प झाल्या. घर रिकामं का होतं, हे माझ्या लेकीने मला नंतर सांगितलं. ते यहुदी कुटुंबाचं होतं.

ज्या रेल्वेने १७ सप्टेंबरला संप केला, त्याच रेल्वेने १९४२ पासून वेस्टरबोर्क छावणीतून यहुद्यांना पूर्वेकडे पाठवणाऱ्या गाड्या चालवल्या होत्या. ऑशवित्झच्या मृत्युछावणीला गेलेली शेवटची गाडी ३ सप्टेंबर १९४४ ची, अ‍ॅन फ्रँक त्याच गाडीत होती. म्हणजे संपाच्या अवघे दोन आठवडे आधी. देशातल्या सुमारे १,४०,००० यहुद्यांपैकी १,०२,००० मारले गेले. हे पुसायचं नाही असं तिथे आता ठरलेलं दिसतं. रेल्वेने २००५ मध्ये माफी मागितली, सरकारच्या वतीने पंतप्रधानांनी २०२० मध्ये. संप खोटा ठरवायचा नाही मला, त्यात मोठी हिंमत होती. फेब्रुवारी १९४१ मध्ये यहुद्यांच्या धरपकडीविरुद्ध अ‍ॅमस्टरडॅमच्या कामगारांनी केलेला संप तर त्याहून धाडसाचा होता. पण लेखात नुसता जल्लोष छापला, तर त्या कठड्याला कुठे जागाच उरत नाही.

आता माझ्या कामाशी भिडलेली गोष्ट. अ‍ॅमस्टरडॅमच्या विल्हेल्मिना रुग्णालयाने त्या काळातल्या बाळंतपणांच्या नोंदी जपून ठेवल्या होत्या. त्यांवरून संशोधकांनी नोव्हेंबर १९४३ ते फेब्रुवारी १९४७ मध्ये जन्मलेल्या २,४१४ बाळांचा पुढे मोठेपणी माग काढला. आई पहिल्या तीन महिन्यांत उपाशी होती आणि नंतर तिला पोटभर मिळालं, अशा बाळांचं जन्मवजन नेहमीसारखंच भरलं होतं. तरी पन्नाशीत त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण जास्त निघालं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. अडीच किलोच्या वर काटा गेला की मी नोंदवहीत 'ठीक' लिहायचे आणि पुढच्या आईला बोलवायचे. आपल्याकडे पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आसपासच्या गावांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला आहे. तिथेही दिसायला बारीक, पण अंगात चरबी जास्त असलेली बाळं सापडली. पुढे मधुमेहाचा धोका अशांनाच. त्या डच मुलांच्या शरीरात भूक १९४५ नंतरही राहिली, मग मुक्तीची तारीख कोणती धरायची?

डच लोक ५ मेच्या आधी ४ मे हा युद्धात गेलेल्यांचा स्मृतिदिन पाळतात. संध्याकाळी बरोबर आठ वाजता दोन मिनिटं सगळं थांबतं. मी ट्राममध्ये होते. ट्राम मध्येच थांबली. समोर एक छोटा मुलगा बिस्किट खात होता, त्याच्या आईने त्याच्या हातावर नुसता हात ठेवला. कुणी शब्द बोललं नाही. अर्ध्यावर आणलेला झेंडा दुसऱ्या दिवशी वर चढतो, तेव्हा मग गाणी.

पुढल्या मेमध्ये आपण यावर पुन्हा लिहाल तेव्हा ४ तारखेपासून सुरुवात करावी, ही विनंती. २९ एप्रिल १९४५ पासून जर्मनांनी गोळी न झाडण्याचं कबूल केल्यावर ब्रिटिश आणि अमेरिकन बॉम्बर विमानांनी अगदी खालून उडत अन्नाची पोती टाकली, त्याचाही उल्लेख यावा. आणि ७ मेचाही. त्या दिवशी शरणागती झालेली असताना अ‍ॅमस्टरडॅमच्या डाम चौकात आनंदाने जमलेल्या गर्दीवर जर्मन नौसैनिकांनी गोळीबार केला, तीसच्या वर माणसं गेली. आजींचे वडील त्या गर्दीत होते. ते परत आले.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका, सातारा